सरासरीविषयीच्या दाव्याची पारख

एखाद्या मोठ्या समूहाच्या सरासरीविषयी ठाम विधान केले जाते, तेव्हा ते मानावे की नाकारावे हे ठरविण्यासाठी संपूर्ण समूह मोजणे बहुधा अशक्य असते. पोह्यांच्या पाकिटावर ‘निव्वळ वजन ५०० ग्रॅम’ असे छापलेले असते, पण प्रत्येक पाकीट फोडून तोलायचे ठरविले तर विकायला काहीच उरणार नाही. निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस असते असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जाते, पण जगातील सर्व निरोगी माणसांना तापमापक लावून पाहणे कोणाच्याच आवाक्यातले नाही. ज्या संपूर्ण समूहाविषयी दावा केलेला असतो त्याला संख्याशास्त्रात समष्टी म्हणतात, तिच्यातून प्रत्यक्ष मोजणीसाठी घेतलेल्या मोजक्या घटकांना नमुना म्हणतात, आणि नमुन्याच्या सरासरीवरून समष्टीच्या सरासरीविषयीचा दावा टिकतो की नाही हे पाहण्याच्या रीतीला परिकल्पनेची चाचणी म्हणतात. महाविद्यालयातील विद्यार्थी या चाचणीचे सूत्र लवकर आत्मसात करतात. मात्र चाचणी बरोबर होते की चुकते हे सूत्रापेक्षा, आकडेमोडीच्या आधी आणि नंतर लिहिल्या जाणाऱ्या वाक्यांवर अधिक अवलंबून असते, आणि नेमकी तीच वाक्ये घाईत लिहिली जातात.

पहिली सावधगिरी दावा वाचतानाच घ्यावी लागते. सरासरीविषयीचा दावा हा प्रत्येक घटकाविषयीचा दावा नव्हे. भारतात आवेष्टित वस्तूंसाठी २०११ साली केलेल्या वैधमापन नियमांत या दोन गोष्टींचा वेगवेगळा विचार केलेला आहे: नमुन्यातील पाकिटांची सरासरी छापील वजनाला पोहोचते का, हा एक प्रश्न, आणि एकट्या पाकिटात किती तूट खपवून घ्यावी, हा दुसरा. ३०० ते ५०० ग्रॅमच्या पाकिटांसाठी ही तूट ३ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५०० ग्रॅमच्या पाकिटात १५ ग्रॅमपर्यंत धरलेली आहे. एखादे पाकीट ४९४ ग्रॅम भरले म्हणून सरासरीचा दावा खोटा ठरत नाही, आणि एकही पाकीट ४८५ ग्रॅमच्या खाली गेले नाही म्हणून तो खराही ठरत नाही. हा भेद केवळ तराजूपुरता नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी कुपोषणाच्या मोजमापाविषयी जो दीर्घ वाद घातला त्याच्या मुळाशी हाच भेद होता: उष्मांकांची सरासरी गरज ही समूहाची सरासरी आहे, माणसामाणसाची गरज वेगवेगळी असते, त्यामुळे सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानणे चूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

दावा नीट वाचून झाला की तो दोन परस्परविरोधी विधानांत मांडावा लागतो. ज्या विधानाला तूर्तास खरे धरून गणित करायचे त्याला शून्य परिकल्पना म्हणतात, आणि पुरावा पुरेसा भक्कम असेल तर ज्याचा स्वीकार करायचा त्याला पर्यायी परिकल्पना म्हणतात. बरोबरीचे चिन्ह नेहमी शून्य परिकल्पनेतच का असते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो आणि त्याचे उत्तर बऱ्याचदा ‘नियमच तसा आहे’ एवढ्यावर संपविले जाते. खरे कारण साधे आहे. गणित सुरू करण्यासाठी समष्टीची सरासरी एका निश्चित संख्येवर खिळवावी लागते. ‘सरासरी ५०० आहे’ असे धरले तर नमुन्यात काय दिसणे स्वाभाविक आहे याचा हिशेब करता येतो, पण ‘सरासरी ५०० नाही’ एवढेच धरले तर ती ४९९ आहे की ४५० हे ठाऊक नसल्याने कोणताच हिशेब करता येत नाही.

पर्यायी परिकल्पनेची दिशा मात्र सूत्रातून मिळत नाही, ती प्रश्न विचारणाऱ्याच्या काळजीतून येते. ग्राहकाच्या बाजूने तपासणी करणाऱ्या निरीक्षकाला फक्त तूट शोधायची असते, म्हणून त्याची पर्यायी परिकल्पना ‘सरासरी ५०० ग्रॅमपेक्षा कमी आहे’ अशी असते. ही एकपुच्छ चाचणी झाली, कारण वितरणाच्या एकाच टोकाकडे पाहिले जाते. पाकिटे भरणारे यंत्र नीट लावलेले आहे का हे पाहणाऱ्या कारखान्यातील तंत्रज्ञाला मात्र कमी भरणे आणि जास्त भरणे या दोन्हींचा त्रास असतो, कारण पहिल्यात कायदा आड येतो आणि दुसऱ्यात माल फुकट जातो. त्याने ‘सरासरी ५०० ग्रॅमपेक्षा वेगळी आहे’ अशी द्विपुच्छ चाचणी घ्यावी. पाकीट तेच, तराजू तोच, तरी चाचण्या दोन. ही निवड आकडे पाहण्याच्या आधी कागदावर उतरली पाहिजे, हा या संपूर्ण विषयातील सर्वांत कडक नियम आहे. नमुन्याची सरासरी कोणत्या बाजूला झुकली आहे ते आधी पाहून मग त्याच बाजूची एकपुच्छ चाचणी घेतली, तर ५ टक्के म्हणून जाहीर केलेला चुकीचा धोका प्रत्यक्षात १० टक्के होतो, आणि हे निष्कर्ष वाचणाऱ्याला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो.

हा ५ टक्क्यांचा आकडा म्हणजे सार्थकता पातळी. शून्य परिकल्पना खरी असूनही ती नाकारली जाण्याचा धोका किती पत्करायचा, हे या आकड्याने ठरते. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या संशोधकांसाठीच्या पुस्तकामुळे ५ टक्क्यांची मर्यादा सर्वत्र रुळली, पण ती सोयीची मर्यादा आहे, निसर्गाचा नियम नाही. चुकीच्या निर्णयाने कोणाचा परवाना रद्द होणार असेल तर १ टक्क्याची पातळी योग्य ठरू शकते. केवळ पुढील तपासणी करायची की नाही एवढेच ठरवायचे असेल तर १० टक्केही चालतात. पातळीसुद्धा आकडे पाहण्यापूर्वीच ठरवावी लागते.

आता नमुन्याकडे वळता येते. समष्टीची सरासरी खरोखर ५०० असली तरी दहा पाकिटांची सरासरी नेमकी ५०० येणार नाही, थोडी इकडेतिकडे होणारच. प्रश्न असा की किती चढउतार स्वाभाविक मानायचा. त्याचे माप म्हणजे प्रमाण त्रुटी. पाकिटापाकिटांतील वजनाचा विखुरलेपणा ज्या मापाने सांगतात त्या प्रमाण विचलनाला नमुन्यातील संख्येच्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी मिळते. भाजक वर्गमूळ असल्यामुळे अचूकता दुप्पट करायची तर नमुना चौपट घ्यावा लागतो, आणि सर्वेक्षणाचा खर्च ठरविणाऱ्यांना हे वर्गमूळ फार महागात पडते. नमुन्याची सरासरी दाव्यातील संख्येपासून किती प्रमाण त्रुटी दूर आहे, ही संख्या म्हणजे चाचणीचे मूल्य.

येथे एक खरी अडचण आहे आणि ती समजल्याशिवाय टी-चाचणी का लागते हे उमगत नाही. समष्टीचे प्रमाण विचलन आधीच ठाऊक असेल, तर चाचणीचे मूल्य घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाच्या सारणीशी ताडून पाहता येते. ही झेड-चाचणी होय. पण ज्याला सरासरी ठाऊक नाही त्याला प्रमाण विचलन ठाऊक असणे दुर्मीळच. ते नमुन्यातूनच काढावे लागते, आणि नमुना लहान असला की तो अंदाजही डळमळीत असतो. डब्लिनच्या गिनेस या मद्यनिर्मिती कारखान्यात १८९९ साली रुजू झालेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम गॉसेट यांच्यापुढे हीच अडचण होती, कारण बार्ली आणि हॉप्स यांवरील प्रयोगांत त्यांना हाताशी मोजकीच निरीक्षणे मिळत. त्यांनी लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केले आणि १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख लिहून लहान नमुन्यांचे गणित मांडले. सिद्धान्त पडताळण्यासाठी त्यांनी ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या ३,००० तुकड्यांवर लिहिली, ते तुकडे नीट मिसळले, आणि चार-चारचे ७५० नमुने करून प्रत्येकाचे गणित केले. संगणक नसलेल्या काळात हाताने केलेली ही पडताळणी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला सांगण्याजोगी आहे. पुढे फिशर यांनी या गणिताला आजचे टी-वितरणाचे रूप दिले. टी-वितरणाची दोन्ही टोके प्रसामान्य वितरणापेक्षा जाड असतात, म्हणजे लहान नमुन्यात मोठे मूल्य केवळ योगायोगाने येण्याची शक्यता ते अधिक धरते. नमुना जसा वाढतो तसे ते प्रसामान्य वितरणाजवळ येते. कोणते टी-वितरण वापरायचे हे स्वातंत्र्य मात्रेवरून ठरते, आणि एका सरासरीच्या चाचणीत ती नमुन्यातील संख्येपेक्षा एकने कमी असते, कारण नमुन्याची सरासरी निश्चित झाली की शेवटचे विचलन उरलेल्यांवरून आपोआप ठरते.

उदाहरणादाखल, पोह्यांच्या एका साठ्यातून यदृच्छेने घेतलेल्या दहा पाकिटांची वजने ग्रॅममध्ये ४९८, ४९५, ५०१, ४९३, ४९९, ४९७, ५०३, ४९४, ४९८ आणि ४९७ अशी आहेत असे समजू. निरीक्षकाने आधीच एकपुच्छ चाचणी आणि ५ टक्क्यांची पातळी ठरविलेली आहे. बेरीज ४,९७५ आणि सरासरी ४९७.५ येते. प्रत्येक वजनातून सरासरी वजा करून त्या फरकांच्या वर्गांची बेरीज केली तर ती ८४.५ होते, तिला दहाने नव्हे, नऊने भागून वर्गमूळ काढले की प्रमाण विचलन सुमारे ३.०६ मिळते. त्याला १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागले की प्रमाण त्रुटी ०.९७ होते. नमुन्याची सरासरी दाव्यापेक्षा २.५ ने कमी आहे, म्हणून टी-मूल्य उणे २.५८. नऊ स्वातंत्र्य मात्रांसाठी सारणीत ५ टक्क्यांचे एकपुच्छ निर्णायक मूल्य १.८३३ आहे, आणि मिळालेले मूल्य त्याच्याही पलीकडे असल्यामुळे शून्य परिकल्पना नाकारली जाते: साठ्यातील पाकिटांचे सरासरी वजन ५०० ग्रॅमपेक्षा कमी आहे असे म्हणण्याइतका पुरावा आहे. एकही पाकीट १५ ग्रॅमच्या मर्यादेपलीकडे कमी नसतानाही सरासरीचा दावा पडतो, हे येथे लक्षात घ्यावे.

हेच आकडे १ टक्क्याच्या पातळीवर पाहिले तर गॉसेट यांच्या कामाचे मोल कळते. टी-सारणीतील मूल्य तेथे २.८२१ आहे, म्हणून दावा नाकारता येत नाही. प्रसामान्य वितरणाच्या सारणीतील मूल्य मात्र २.३२६ असल्याने, ती सारणी चुकून वापरणारा दावा बेधडक नाकारेल. केवळ सारणी चुकल्याने निर्णय फिरतो.

संगणक निर्णायक मूल्याऐवजी पी-मूल्य देतो. शून्य परिकल्पना खरी असती तर हाती आला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल केवळ योगायोगाने मिळण्याची जी शक्यता, ती म्हणजे पी-मूल्य. वरील उदाहरणात ते सुमारे ०.०१५ आहे. ते सार्थकता पातळीपेक्षा कमी असेल तर शून्य परिकल्पना नाकारतात. याचा अर्थ ‘दावा खरा असण्याची शक्यता दीड टक्का’ असा मुळीच होत नाही, तरी हा गैरसमज पाठ्यपुस्तकांतून आणि वृत्तांतून वारंवार डोकावतो. पी-मूल्याचा हिशेबच दावा खरा धरून केलेला असतो. जे धरूनच हिशेब मांडला त्याच्याच खरेपणाची शक्यता त्या हिशेबातून निघू शकत नाही.

याच्या उलट बाजूची चूक अधिक निरुपद्रवी वाटते, म्हणून ती अधिक घडते. निर्णायक मूल्य ओलांडले गेले नाही की ‘दावा सिद्ध झाला’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात दावा नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणता येते, कारण नमुना फार लहान असला तर खरी तूटही नजरेतून निसटते. खरा दावा नाकारणे ही पहिल्या प्रकारची चूक आणि खोटा दावा न नाकारणे ही दुसऱ्या प्रकारची चूक, हा भेद संख्याशास्त्रज्ञ नेमान आणि एगॉन पिअर्सन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात मांडला, आणि त्यामुळे नमुना किती मोठा हवा या प्रश्नाला प्रथमच नीट उत्तर मिळाले. समजा, पाकिटांची खरी सरासरी ४९८ ग्रॅम आहे आणि प्रमाण विचलन ३ ग्रॅम आहे. ५ टक्क्यांच्या एकपुच्छ चाचणीत दहा पाकिटे घेतली तर ही दोन ग्रॅमची तूट उघडकीस येण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास राहते. ती ९० टक्क्यांवर न्यायची तर सुमारे २१ पाकिटे लागतात. हा हिशेब तपासणीआधी करावा. नंतर केला तर तो केवळ समर्थन ठरतो.

चाचणीमागे काही गृहीते असतात. समष्टी प्रसामान्य वितरणाजवळची असावी, हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गृहीत. नमुना मोठा असला तर, वितरण फारच एकांगी नसेल तोवर, त्याची चिंता कमी होते, कारण मोठ्या नमुन्याची सरासरी स्वतःच प्रसामान्य वितरणाकडे झुकते. लहान नमुन्यात मात्र एकच विचित्र आकडा सगळे उलथवतो. वरील यादीत ५०३ ऐवजी अंकांची अदलाबदल होऊन ५३० लिहिले गेले, तर सरासरी ५००.२ होते, प्रमाण विचलन १०.७ वर जाते, टी-मूल्य शून्याजवळ येते, आणि तूट असलेला साठा निर्दोष सुटतो. म्हणून आकडेमोडीपूर्वी आकडे रेषेवर मांडून डोळ्यांनी पाहणे हे काम कोणत्याही सूत्राइतकेच आवश्यक आहे.

याहून गंभीर गृहीत निवडीचे आहे, आणि ते मोडले तर कोणतीही चाचणी वाचवू शकत नाही. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणी सर्वेक्षणांच्या अभ्यासात दाखवून दिले की, अगदी लहान आकाराच्या कापणी-क्षेत्रांवरून उत्पादन काढले तर ते सातत्याने वाढवून येते, कारण कडेवर येणारी रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो आणि क्षेत्र जितके लहान तितका कडेचा वाटा मोठा. अशी चूक नमुना वाढविल्याने कमी होत नाही. प्रमाण त्रुटी घटत जाते आणि चुकीच्या संख्येविषयीचा विश्वास मात्र वाढत जातो. खोक्यातली वरचीच दहा पाकिटे उचलणाऱ्या निरीक्षकाच्या हातून हाच प्रकार घडतो.

निरीक्षणे एकमेकांपासून स्वतंत्र असणे हे तिसरे गृहीत शरीराच्या तापमानाच्या उदाहरणात चांगले दिसते. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ साली काखेतील असंख्य मोजमापांच्या आधारे ३७ अंशांचा आकडा रूढ केला. १९९२ साली अमेरिकेत फिलिप मॅकोविअक आणि सहकाऱ्यांनी १८ ते ४० वयाच्या १४८ निरोगी व्यक्तींच्या तोंडातील तापमानाच्या ७०० नोंदी घेऊन सरासरी ३६.८ अंश असल्याचे प्रसिद्ध केले. येथे नोंदी ७०० असल्या तरी माणसे १४८ आहेत. एकाच माणसाच्या नोंदी एकमेकींशी मिळत्याजुळत्या असतात, म्हणून प्रमाण त्रुटी काढताना ७०० च्या वर्गमुळाने भागणे म्हणजे हाती नसलेली माहिती हिशेबात धरणे होय. शिवाय काख आणि तोंड यांतील तापमान सारखे नसते, त्यामुळे दोन्ही अभ्यासांतील ‘सरासरी’ एकाच समष्टीची आहे का, हेही विचारावे लागते.

याच उदाहरणातून सार्थकता आणि महत्त्व यांतील अंतरही स्पष्ट होते. ०.२ अंशाचा फरक संख्याशास्त्रीय दृष्टीने सार्थक ठरू शकतो, तरी तापाने फणफणलेल्या रुग्णाच्या उपचारात त्याने काही बदलत नाही. पुरेसा मोठा नमुना घेतला तर अगदी नगण्य फरकही सार्थक ठरतो. म्हणून केवळ पी-मूल्य देऊन थांबू नये, सोबत विश्वास अंतराल द्यावे. म्हणजे समष्टीची सरासरी कोणत्या दोन संख्यांच्या दरम्यान असावी याचा असा अंदाज, की त्याच पद्धतीने वारंवार काढलेल्या अंतरालांपैकी ठरावीक टक्के अंतराले खऱ्या सरासरीला सामावून घेतात. पोह्यांच्या उदाहरणात ९५ टक्क्यांचे अंतराल ४९५.३ ते ४९९.७ ग्रॅम असे येते. यावरून तूट आहे हे कळतेच, शिवाय ती पाकिटामागे काही दशांश ग्रॅम असेल किंवा पावणेपाच ग्रॅमपर्यंतही असेल हेही कळते, आणि व्यवहारातला निर्णय या दुसऱ्या माहितीवर घ्यायचा असतो.

निष्कर्षाचे वाक्य लिहिताना ‘शून्य परिकल्पना नाकारली’ एवढे पुरेसे नाही. ‘साठ्यातून यदृच्छेने निवडलेल्या दहा पाकिटांचे सरासरी वजन ४९७.५ ग्रॅम आढळले. ५ टक्के सार्थकता पातळीवर साठ्याचे सरासरी वजन छापील ५०० ग्रॅमपेक्षा कमी असल्याचा पुरावा मिळतो, आणि ९५ टक्के विश्वास अंतराल ४९५.३ ते ४९९.७ ग्रॅम आहे’ असे वाक्य लिहिले तर संख्याशास्त्र न शिकलेल्या दुकानदारालाही मुख्य मुद्दा कळतो आणि शिकलेल्याला तो तपासून पाहता येतो. अभ्यासकांनी वरील दहा आकड्यांचे गणित एकदा तरी कागदावर हाताने करावे, ५०३ च्या जागी ५३० घालून ते पुन्हा करावे, आणि त्यानंतरच संगणकाच्या आज्ञावलीकडे वळावे.